कथेकऱ्यानं रचलेला दुष्ट सरदार

फार जुन्या काळची गोष्ट. डोंगरांपलीकडच्या एका राज्यात एक कथेकरी होता. त्याची कथा ऐकायला लोक हातातली कामं टाकून येत.

माणूस मात्र भारी तापट. सगळ्यात मोठा राग थोरल्या भावावर. वडील वारले, तेव्हा भावानं साधा निरोपही धाडला नव्हता.

बारा वर्षं हा राग धुमसत राहिला. शेवटी कथेकरी म्हणाला, "याला कथेतच घालतो. असा रंगवतो, की लोक थुंकले पाहिजेत!"

त्यानं एक दुष्ट सरदार रचला. नाक भावाचं, चाल भावाची, खाकरणंही भावाचंच. पण त्याला बोलतं करायची वेळ आली आणि कथेकरी अडला. भाऊ अबोल होता. मग सुचेल ते तो सरदाराच्या तोंडी घालत गेला. शब्द भराभरा आले.

जत्रेत कथा रंगली. मनाजोगतं लग्न करून दारात आलेल्या लेकीवर सरदार गरजला, "मेलीस तू मला! तुझ्या हातचं पाणीसुद्धा विष!"

लोकांनी सरदाराला शिव्या घातल्या. कथेकरी खूश झाला.

इतक्यात गर्दीतून एक बाई उठली. ती त्याचीच लेक, सहा वर्षांपूर्वी घराबाहेर काढलेली.

"बाबा, काका असं कधी बोलले?" ती संतापानं म्हणाली. "हे तुम्ही मला बोललात. शब्द न् शब्द!"

"चालती हो इथून!" कथेकरी ओरडला.

लोक चमकून एकमेकांकडे पाहू लागले. हाच आवाज त्यांनी आत्ता सरदाराच्या तोंडून ऐकला होता.

धुसफुसत तो घरी आला आणि सरदाराचं एकेक वाक्य बदलू लागला. एका वाक्यापाशी मात्र तो थबकला. सरदार आपल्या भावाला म्हणत होता, "घरात कुणी मेलं तरी मला कळवू नकोस!"

हे कथेकरी स्वतःच थोरल्या भावाला म्हणाला होता. वडील जाण्याआधी, भांडणाच्या भरात.

तो तडक भावाच्या गावी गेला. दारात भावजय आली.

"दादा कुठे आहेत, वहिनी?"

"दोन वर्षं झाली त्यांना जाऊन," ती कोरडेपणानं म्हणाली. "कळवू नका, असं तुम्हीच सांगितलं होतंत ना?"

कथेकऱ्याच्या अंगाची लाही लाही झाली. पण हा राग आता कुणाच्या तोंडी घालायचा, ते त्याला कळेना.

तात्पर्य : दुष्टाच्या तोंडी घातलेले शब्द आपल्यातूनच आले, हे वेळीच ओळखावं, उशीर झाला तर माफी मागायला माणूस उरत नाही.