दोन कडू साली

फार पूर्वी एका रानात माकडांना हिवताप यायचा. सातविणीची कडू साल चावली की तो उतरायचा. मग त्यांची रीत ठरलेली होती. उरलेली साल ओढ्यात फेकायची आणि फांद्यांवर मनसोक्त नाचायचं.

एका वर्षी मात्र उतरलेला ताप फिरून येऊ लागला. पिल्लं कुडकुडत पडली. "झाडच खोटं निघालं, तोडा त्याला!" माकडांचा म्होरक्या हुप्प्या ओरडला.

साळूबाई साळिंदर आडवी आली. "झाडाला हात लावाल तर खबरदार! आधी मला बघू दे."

ताप नुकताच उतरलेल्या एका पिल्लाच्या बोटाला तिने काटा टोचला आणि रक्ताचा थेंब दवाच्या थेंबातून पाहिला. आत तापाचे थोडे किडे अजून वळवळत होते.

"आमच्यातले कच्चे मेले," किडे हसले. "तेवढ्यात यांनी साल फेकली. आम्ही चिवट तेवढे उरलो, आता आमची पोरंही चिवटच!"

साळूबाईने रानातली झाडं कुरतडून कुरतडून दुसरी गुणकारी साल शोधली. "दोन्ही एकदम चावायच्या. एकीतून निसटलेला दुसरीत सापडेल. आणि ताप उतरला तरी थांबायचं नाही."

"एक गिळवत नाही, आणि आता दोन?" हुप्प्या कुरकुरला, पण पिल्लांकडे पाहून त्याने आधी स्वतः दोन्ही चावल्या.

ताप उतरला. उरलेसुरले किडे साल ओढ्यात पडायची वाट पाहू लागले. नाच सुरू झाला, सगळं रान दणाणलं. पण ओढ्यात काहीच पडलं नाही. सगळ्यांत उंच उडी मारणारा हुप्प्या तोंड वेडंवाकडं करत अजून चावतच होता.