मागच्या दांडीचा साक्षीदार

"महाराज, तुमच्या पालखीच्या मागच्या दांडीला माझा जन्म चाललाय!" सिद्दी मर्जान भर दरबारात म्हणाला. "माझ्या मागनं आलेली पोरं पुढच्या दांडीला गेली. पुढं गेल्याबिगर कुणी नाईक होत न्हाई. मी हबशी, रंगानं काळा, म्हणून मला मागं डांबलंय!"

भोयांचा नाईक धाकोजी लगेच पुढे सरसावला. भोयांची पंचायत त्याच्या मुठीत होती. आदल्याच दिवशी तो मर्जानला तिथे म्हणाला होता, "सणासुदीला असलं काळं तोंड महाराजांच्या म्होरं?" दरबारात मात्र जिभेवर साखर!

"रंगाचा काय संबंध, महाराज? पुढं काय नि मागं काय, ओझं तेवढंच! आणि ज्याची दांडी त्याचाच खांदा, अदलाबदल न्हाई, असा पंचायतीचा ठराव हाय. मोडायचा असंल तर सांगा, आम्ही पालखी खाली ठेवतो!"

महाराजांचा चेहरा उतरला. एकदा भोयांनी भर बाजारात पालखी टेकवली होती आणि महाराजांना चढ चढून वाडा गाठावा लागला होता. महाराज शूर होते, पण घोड्यावर आणि पालखीत. पायी नव्हे!

"मर्जान," ते म्हणाले, "मागे चालण्यात जाच आहे, हे पंचायतीतल्याच माणसाने माझ्यासमोर सांगितलं पाहिजे. दसऱ्यापर्यंत साक्षीदार आण, नाहीतर चाकरी सोड!"

मर्जान एकेका भोयाला विचारत फिरला. एकाला नेमकं तेव्हाच पागोटं बांधायचं होतं, दुसऱ्याला अचानक कमी ऐकू यायला लागलं. वर्गणी घेताना मर्जान पंचायतीचा आणि साक्षीच्या वेळी परका! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

दसरा आला. धाकोजी पुढे, मर्जान मागे, अशी पालखी गावाच्या शिवेवर गेली. महाराज सोनं लुटायला उतरले. सगळे आपट्याच्या पानांत दंग आहेत असं पाहून मर्जानने पालखीतला आपल्या बाजूचा लोड हळूच उचलला आणि पलीकडच्या टोकाला, धाकोजीच्या बाजूला टेकवला.

महाराज परतले, लोडाला टेकून ऐसपैस बसले. आता त्यांचं तोंड वाड्याकडे होतं आणि त्यांच्या पुढ्यात मर्जान!

धाकोजी किंचाळला, "महाराज, तुम्ही उलटे बसलात!"

"मी? उलटा?" महाराजांच्या मिशा थरथरल्या.

"छे छे!" मर्जान म्हणाला. "महाराज बसतात तेच सुलटं! पालखी फिरवली तर महाराज वाड्याकडं पाठ करून जाणार. आणि माणसांची अदलाबदल करावी तर पंचायतीचा ठराव मोडतो. काय करू या, नाईक?"

नाईकाने दात-ओठ खाल्ले आणि जागच्या जागी तोंड वळवून खांदा दिला.

पालखी निघाली. पुढच्यांच्या पायांची धूळ धाकोजीच्या नाकातोंडात जाऊ लागली. वाट दिसेना. एका खड्ड्यात पाय मुरगळला, पुढे दगडावर अंगठा फुटला, आणि वेशीपाशी पोहोचेपर्यंत त्याचा धीर सुटला.

"थांबा! महाराज, हा जुलूम हाय! मागं वाट दिसत न्हाई, धूळ खावी लागते! मागचा भोई माणूस न्हाई व्हय?"

मर्जानने पालखी टेकवली आणि मुजरा केला.

"महाराज, पंचायतीतला साक्षीदार मागितला होतात. तुमच्या पाठीशीच उभा हाय!"

महाराजांनी मागे वळून पाहिलं. धुळीने पांढरा पडलेला नाईक तोंड वासून उभा होता! महाराज खो खो हसत सुटले, इतके की पालखी टेकलेली असूनही हलली.

"साक्ष पटली! मर्जान, पुढची दांडी आजपासून कायमची तुझी!"

"कायमची नको, महाराज. सगळ्यांना पाळीपाळीनं द्या. न्हाईतर उद्या नाईक तक्रार घेऊन येतील, आणि त्या बिचाऱ्यांना साक्षीदार कुठनं मिळायचा?"

महाराज पुन्हा हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि ते पुसायच्या आधीच त्यांनी आपला जरीचा शेला मर्जानच्या खांद्यावर टाकला.