साळूचा गूळ

घाटावर अजून बैलगाडीही चढत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. आसणवाडीच्या शिवेवर एक वाघ यायचा आणि डरकाळी फोडायचा. पहिल्यांदा आला तेव्हा घाबरून कुणीतरी एक करडू शिवेवर नेऊन बांधलं. वाघ करडू घेऊन गेला आणि डरकाळी थांबली. गावाला वाटलं, उपाय सापडला. मग आठवड्याला डरकाळी, मग चार दिवसांनी, मग रोज दिवे लागायच्या वेळेला. घराघराची पाळी लागली. असं म्हणतात, त्या वर्षी आसणवाडीत शेळ्यांपेक्षा रिकामे खुंटेच जास्त होते.

शेवटी पाळी साळूवर आली. साळूकडे एकच शेळी होती, आणि तिचं दोन वर्षांचं पोर, केरू, त्या शेळीच्या दुधावर जगत होतं. घाटाखाली मीठ आणायला गेलेला नवरा अजून परतला नव्हता. साळूला झोप कशी असते ते आठवत नव्हतं. केरू दिवसभर किंचाळायचा आणि साळू त्याच्या तोंडात गुळाचा खडा घालायची. खडा विरघळला की पुन्हा किंचाळी.

"रडला की गूळ, रडला की गूळ," सासू चुलीपाशी बसून म्हणाली. "रडायला तूच शिकवलंस त्याला."

साळूला उलट बोलायचं होतं, पण तेवढाही जोर अंगात नव्हता. तेवढ्यात शिवेवर डरकाळी झाली. साळूच्या हातातला खडा हातातच राहिला.

शेळी न घेताच ती तात्या पाटलांच्या ओट्यापाशी गेली. "तात्या, वाघाला आपणच शिकवलंय. ओरडला की शेळी, ओरडला की शेळी. आता द्यायचं नाही."

"आणि तो गावात शिरला म्हणजे?"

"ते मला नाही ठाऊक," साळू म्हणाली. "पण शेळ्या संपल्यावर तो ओरडला, तर काय द्यायचं ते तुम्हाला ठाऊक आहे का?"

तात्यांनी अंगणात खेळणाऱ्या नातवंडांकडे पाहिलं आणि होकाराची मान डोलावली.

गावाने दारं लावून घेतली. साळूने गुळाचं मडकंही शिंक्यावर चढवलं. असं म्हणतात, त्या डरकाळ्यांनी कौलं सरकली, विहिरीचं पाणी काठावर आलं. बाहेर वाघ, आत केरू. साळू शेळीचं दावं मनगटाला बांधून, दाराला पाठ लावून बसायची आणि विचार करायची, मी आई आहे की कोण आहे.

सहाव्या दिवशी तात्यांना राहवलं नाही. त्यांनी गुपचूप एक करडू शिवेवर सोडलं. इकडे सासूनेही केरूला गूळ चाटवला. दुसऱ्या दिवशी वाघ आणि केरू दोघंही दुप्पट ओरडले.

"झालं," साळू म्हणाली. "आता पुन्हा पहिल्यापासून." तिला रडायचाही कंटाळा आला होता.

आणखी एकवीस दिवस गेले. वाघ दारांवर पंजे घासून गेला, केरू जमिनीवर गडाबडा लोळला. बाविसाव्या दिवशी दिवे लागले आणि शिवेवरून काहीच ऐकू आलं नाही. केरू मातीत चिंचोके मांडत बसला होता. साळूने मडकं खाली घेतलं आणि त्याच्या हातावर खडा ठेवला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिने ओढ्यात बुडून मेलेलं एक रेडकू गावकऱ्यांसोबत जाऊन ओढ्यापलीकडे ठेवलं. वाघ गप राहिला म्हणून. असं म्हणतात, पलीकडच्या जाळीत तो पंजे जुळवून बसला होता, आणि साळू परत फिरेपर्यंत त्याने मिशीही हलवली नाही. त्या रानातला वाघ पुढे कधीच ओरडला नाही.

शिव शांत झाली तसा जो तो आपल्या कामाला लागला. साळूला कुणी काही दिलं नाही. पण एका रात्री केरू निजल्यावर ती भिंतीला टेकून नुसती बसली होती, तेव्हा सासू उठली. तिने मडक्यातून एक खडा काढून साळूच्या हातावर ठेवला.

"घे," ती म्हणाली. "एवढ्या दिवसांत तू एकदाही ओरडली नाहीस."

आसणवाडीत अजूनही लेकरू रडलं म्हणून मडकं खाली येत नाही. ते आपल्या नादात खेळायला लागलं की मग त्याला खडा मिळतो. आणि पोर निजलं की घरातलं कुणीतरी उठतं आणि काही न बोलता आईच्या हातावर गूळ ठेवतं. त्याला साळूचा गूळ म्हणतात.