धुरपतीची मांडी

सांगतो, पण एकदाच. हल्ली कड्याच्या वाटेनं चालायला माणसं येतात. पाठीला पिशवी, हातात काठी, आणि गावातला जो भेटेल तो त्यांना माझ्या दारात आणून सोडतो. "आजोबा, ती गोष्ट सांगा ना." माझा चहा निवतो, त्याचं कुणाला काही नाही. म्हणून आता लिहूनच ठेवतो. मी दुसरीतून उठलेला माणूस. अक्षर लागलं नाही तर तुमचं तुम्ही बघा.

फार वर्षांपूर्वी, किती ते विचारू नका, मोजायला तेव्हा कुणी बसलं नव्हतं, कड्याच्या अलीकडं माडणे होतं आणि पलीकडं खडपे होतं. आजही आहेत. होडीनं जावं तर खाली लाटा फुटतात, डोंगरावरून जावं तर अख्खा दिवस मोडतो. म्हणून माणसं कड्याच्या पोटातून चालत. वाट सुपाएवढी रुंद. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. खाली घारी फिरत, आणि चालणाऱ्याला त्या घारींच्या पाठी दिसत.

अशा वाटेवर दोघं समोरासमोर आले की एकाला पाठीनं मागं सरावं लागे. म्हणून रीत पडली. वाटेत शिरण्याआधी हाळी द्यायची, आणि ज्याची हाळी आधी त्याची वाट. पण मधोमध कडा वळतो. त्या वळणाला नाक म्हणतात. अलीकडची हाळी नाकापलीकडं पोचत नाही, वारा ती खातो. म्हणून नाकावर एक बाई बसायची. तिचं नाव धुरपती.

धुरपतीचा नवरा गलबतावर खलाशी, वर्षातून एकदा दिसणारा. ती नाकावर कपारीत बसायची, दोन्हीकडच्या हाळ्या ऐकायची आणि पुढं सोडायची. "माडण्याचा आऽऽला! खडप्याचा थांऽऽब!" तिचा आवाज असा की मधमाश्याही वाट सोडत, असं म्हणतात. जाणारा तिच्यापुढं मूठभर तांदूळ ठेवी, नाहीतर एखादा सुका बांगडा. तिच्या अंगावरून शंभर वराती गेल्या असतील. सनई यायची, जवळ व्हायची, नाकाला वळसा घालून पातळ होत जायची. पण लग्न तिनं एकही पाहिलं नाही. वाट सोडून जाणार कशी? अंतरपाट कसा धरतात, तो खाली पडतो तेव्हा नवरी आधी कुठं बघते, हे तिला दुसऱ्या बायकांना विचारावं लागे. स्वतःच्या लग्नात ती सात वर्षांची होती आणि झोपली होती.

तिला एकच मुलगी, आवडी. आवडीचं खडप्यात जमलं. तेव्हा धुरपतीनं दोन्ही गावांत निरोप धाडला, "माझ्या लेकीच्या लग्नादिवशी नाकावर कुणी नाही. मी लग्न बघणार."

मुहूर्त गोरजाचा होता. वरात दुपारी निघायची, पण आवडीचा मामा गुण्या याचा फेटा बसेना. तो बांधायचा आणि सोडायचा. "अरे मेल्या, लग्न तुझं आहे का?" धुरपती ओरडली. तरी निघेपर्यंत सूर्य कासराभर उरला. सनईवाला पुढं, मागं ताशा, मग गुण्या, मग आवडी, आवडीच्या मागं तिची आई, आणि मागं गाव. वाटेच्या तोंडाशी ताशा वाजायला लागला आणि गुण्यानं हाळीसाठी छातीत वारा भरला.

त्या ताशाखाली धुरपतीला बारीक असं काहीतरी ऐकू आलं. पलीकडची हाळी, वाऱ्यानं खाऊन उरलेली. गुण्यानं हाळी दिली ती त्यानंतर. जिची सगळी हयात ऐकण्यात गेली, तिच्या कानातून ते कसं सुटेल? पण ती मनाशी म्हणाली, आज नाही. आज दुसऱ्या कुणीतरी ऐकावं. आणि चालत राहिली.

नाकाला वळसा घातला आणि सनई बंद पडली. समोर तिरडी होती.

खडप्याला रेती नाही, नुसता खडक. त्यांचे मेलेले माडण्याच्या पुळणीवर जाळतात. त्या दिवशी खडप्याची म्हातारी येसू गेली होती. पुढं मडकं घेऊन तिचा मुलगा पोशा, मागं खांदेकरी, मागं गाव.

"मागं व्हा," गुण्या म्हणाला. "नवरी आहे."

"आणि ही काय बाजारला चाललीय?" पोशा म्हणाला. "आम्ही हाळी दिली होती."

"आम्हीपण दिली!"

"तिरडी मागं फिरवत नाहीत, गुण्या. सूर्य बुडाला तर आई रात्रभर तशीच पडेल."

"नवरी मागं फिरली तर मुहूर्त जाईल. मग तिला कोण करून घेईल, तू?"

"तुझा फेटा बघून कोणपण घाबरेल," मागून एक खांदेकरी म्हणाला. कुणी हसलं नाही. सूर्य खाली सरकत होता. शेवटी पोशानं वळून धुरपतीकडं पाहिलं. "धुरपते, तू सांग. आधी कोण?"

आवडीनं आईचा हात धरला. त्या हाताला हळद होती. धुरपतीला एक शब्द बोलायचा होता. तो शब्द बोलला तर लेक वाटेत अडकणार, मुहूर्त टळणार, आणि अंतरपाट काही आईला बघायला मिळणार नाही. नाही बोलला तर कुणालाही कधी कळणार नाही.

"येसू आधी," ती म्हणाली. "मी ऐकलं होतं. वाट तिची."

"गो बये, तुझी लेक आहे ही!" गुण्या ओरडला.

"दिसतं मला. तोंड मिट आणि सरक."

असं म्हणतात की मग ती वाटेच्या बाहेरच्या कडेला बसली. जिथं काही नाही, तिथं पाय सोडून बसली. खालून वारा वर आला आणि तिचं लुगडं फुगलं. तिनं मांडी थोपटली, लहान पोराला बोलवावं तशी, आणि म्हणाली, "आवडे, ये. बस."

आवडी बसली. मांडीत मावली. मग गुण्या बसला, फेटा सांभाळत. तोही मावला. ताशेवाला ताशासकट बसला. एकेक बाई आली आणि बसली, आणि मांडी समुद्रावर पसरत गेली, भरतीचं पाणी पसरतं तशी, आवाज न करता. शेवटी सनईवाला उरला. तो भलता जाडा. "मी नको गो," तो म्हणाला, "तुला भार होईल." धुरपती म्हणाली, "तुझ्यापेक्षा तुझी सनई जड होती, इतकी वर्षं नुसती ऐकली ती. बस." तोही मावला. आणि आतल्या अंगानं, कातळाला घासून, येसूची तिरडी पुढं गेली. कुणाचा कुणाला धक्का लागला नाही. घारी त्यांच्या पायांखाली थांबून राहिल्या होत्या, असं म्हणतात.

तिरडी गेली. वरात उठली. धुरपती उठली नाही.

"आये, चल."

"तू हो पुढं. गोरज टळेल."

"तू लग्न बघणार होतीस."

"बघते इथनं. नाकावर कुणीतरी पाहिजे, बाय. आज बघितलंस ना?"

आवडी दहा पावलं गेली आणि वळली. आई बसली होती तिथं कातळ होता. रुंद, समुद्रावर पुढं आलेला, मधे खोलगट. त्याच्यावर लुगड्याच्या निऱ्या होत्या, दगडाच्या.

आवडी पोचली तेव्हा गाई घरी येत होत्या. अंतरपाट धरला. भटजींनी शेवटची ओळ म्हटली, लोकांनी मुठी उचलल्या, पण त्यांच्या आधी अक्षता पडल्या. समुद्राकडून आल्या. ओल्या होत्या, जिभेला खारट लागत होत्या. अंतरपाट खाली आला तेव्हा नवरी नवऱ्याकडं नाही, कड्याकडं बघत होती.

तेव्हापासून दोन्ही गावांत लग्नाच्या अक्षतांची पहिली मूठ समुद्राकडं टाकतात. वाटेनं जाणारी नवरी मांडीवर क्षणभर टेकते. पावसाळ्यात हात लावून बघा, सगळा कडा गार आणि मांडी कोमट. आणि वाटेत शिरण्याआधी आजही हाळी देतात, "धुरपते, वाट कुणाचीऽऽ?" मग थांबतात. उत्तर येतं. वारा आहे म्हणणाऱ्यांनी वारा म्हणावं. ते आलं की चालायचं, आणि समोर कुणी भेटलंच तर ज्याची हाळी नंतरची त्यानं मांडीवर बसून वाट द्यायची. मोठा असो, लहान असो, मोबाईलवर बोलणारा असो.

गेल्या शिमग्यात मी हाळी देऊन, उत्तर ऐकून वाटेत शिरलो होतो. समोरून एक जण हाळी न देता आला, छाती काढून उभा राहिला आणि म्हणाला, "म्हाताऱ्या, तू हो मागं." मांडी त्याच्या पाठीमागं चार पावलांवर होती. मी या गुडघ्यांनी पाठीनं मागं चालत आलो. त्यानं अजून माफी मागितलेली नाही. खालच्या आळीतला सुभान तांडेल.