आकोंपान्यमां

“पाच की चार, सर? एकदाच काय ते सांगा!”

मिहीरने पुस्तक आपटलं. उद्या त्याची फ्रेंचची तोंडी परीक्षा. आधी दोनदा तो तिथेच आपटला होता. याही वेळी आपटला तर पॅरिसची शिष्यवृत्ती गेलीच म्हणायची.

“या शब्दाचे लिहिताना पाच तुकडे,” म्हातारे मोघेसर म्हणाले. “बोलताना चार. आ... कों... पान्य... मां. गाण्यातली साथ.”

“अर्थ माहितीये मला. आ-कोम-पान्य-मान.”

“ओठ मिटलेस. शेवटी जीभही टेकवलीस. तिथे म नाही, न नाही. नुसतं नाक.”

सकाळपासून हेच. नुसतं नाक! मिहीरच्या डोक्यात तिडीक गेली. व्याकरणात त्याचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं, आणि या माणसाचं घोडं नाकाशीच अडलेलं.

“पुन्हा.”

“आकोमपान्यमान!”

“पुन्हा.”

तेवढ्यात फोन वाजला. गुहागरहून आई. “आई, येऊ नकोस म्हटलं ना एकदा!” एवढं बोलून त्याने फोन टेबलावर टाकला.

“आईला कुठे यायचंय?”

“इथे. म्हणे, परीक्षा होईस्तोवर बाहेर बसते.”

“मग येऊ दे की.”

“सर, ती गेंगाणं बोलते! आमच्याकडे सगळेच तसे. मीही तसाच बोलायचो. हॉस्टेलची पोरं माझ्या नकला करून लोळायची. वर्षभर घासून घासून घालवलं ते.”

“कशी बोलते?”

“सोडा ना, सर.”

“करून दाखव.”

मिहीर इतका वैतागला होता की त्याने खरंच नाक फेंदारून नक्कल केली. “मिहींर, जेवलांस कां रें? उद्यां येऊं कां? बाहेंर बसेंन हों मीं...”

सर हसले नाहीत.

शेवटी शेवटी मिहीरचाच आवाज उतरला. त्याला स्वतःची लाज वाटली.



“आता तो शब्द,” सर म्हणाले.

“आ... कों... पान्य... मां.”

अगदी स्वच्छ निघाला. मिहीर आधी दचकला, मग ओरडलाच, “आला! सर, आला! पुन्हा म्हणू?”

मोघेसरांनी टेबलावरचा फोन उचलून त्याच्या हातात ठेवला.

“नको. आधी आईला विचार, रात्रीची एसटी मिळेल ना.”