बगळ्यांची कागदी वेस

“म्हणजे ब्रॅनिगन बाहेर, आणि ते कालचं पोरगं आत? सांगा भन्ते, हा कुठला न्याय?”

भन्ते कस्सप चहात साखर ढवळत होते. ते ढवळतच राहिले.

विचारणारा होता दिवाकर गजभिये. मूळचा नागपूरचा, आता ऑस्ट्रेलियातल्या एका डोंगराळ गावचा. रेल्वेच्या सिग्नलांचा इंजिनियर. एरवी शांत माणूस, पण गावच्या फुटबॉल टीमचा विषय निघाला की त्याच्या अंगात येई.

टीमचं नाव बगळे. हसू नये. त्या देशात टीमला पशुपक्ष्यांची नावं द्यायची पद्धत आहे, आणि गावाबाहेरच्या दलदलीत बगळे पुष्कळ.

हा फुटबॉलही आपल्या ओळखीचा नव्हे. चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबट, मैदान अंड्याच्या आकाराचं, एकेका बाजूला अठरा गडी. लाथ मारा, गुद्दा मारा, नाहीतर दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा रोवून हवेतच चेंडू झेला, सगळं चालतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, मारामारी चालली आहे. दिवाकरलाही तसंच वाटलं होतं. आता मात्र त्याच्याइतका हा खेळ गावात कुणाला कळत नाही, असं त्याचं स्वतःचं मत होतं.

गुरुवारी सराव संपला की क्लबच्या खोलीत सगळं गाव जमतं, सूप पितं, आणि प्रशिक्षक शनिवारच्या टीमची नावं मोठ्यानं वाचून दाखवतो. काल ती वाचली गेली. सामना उपांत्य फेरीचा.

ब्रॅनिगनचं नाव आलंच नाही. त्याच्या जागी टोबी नावाचा एक नवखा मुलगा.

खोलीत टाळ्या पडल्या. दिवाकर सूप तसंच ठेवून उठला आणि घरी गेला. रात्रभर त्याचा डोळा लागला नाही.

आणि आज, शुक्रवारी दुपारी, तो विहारात भन्तेंसमोर मांडी घालून बसला होता.

बाहेर धुकं होतं. सकाळपासून उठलंच नव्हतं. खिडकीतून मागचं कुरण दिसायला हवं होतं, पण तिथे नुसता पांढरेपणा होता. त्यात कुठेतरी एखादी गाय हंबरायची आणि मग तीही नाहीशी व्हायची.

“ब्रॅनिगन म्हाताराय का?” भन्तेंनी विचारलं.

भन्ते भंडाऱ्याकडचे. किती वर्षं या देशात होते, पण बोलणं तिकडचंच राहिलं होतं.

“म्हातारा? छत्तीसचा असेल. पाय थोडे जड झाले, कबूल. पण गोलसमोर उभा राहिला ना भन्ते, तर समोरचा दहा वेळा विचार करते.”

“आन् पोरगं?”

“पळते,” दिवाकर तुच्छतेनं म्हणाला. “नुसतं पळते.”

“हं...”

“तुम्हीच पाहा. उपांत्य सामना आहे. अशा वेळी अनुभव पाहिजे का नुसते पाय? मी प्रशिक्षक असतो तर ब्रॅनिगनला मागं ठेवला असता, हॅरिसला मधात आणला असता आणि पोराला बसवलं असतं पुढच्या वर्षापर्यंत. साधी गोष्ट आहे. पण त्या निवडणाऱ्यांना कोण सांगेल?”

“तू सांगतलं?”

“उद्या सांगणार आहे,” दिवाकर म्हणाला. “सगळ्या गावासमोर.”

आणि त्यानं हॉलच्या मध्यभागी बोट दाखवलं.

विहार म्हणजे गावचं जुनं नाचघर. पत्र्याचं छप्पर, एका टोकाला बुद्धमूर्ती, आणि बाकी सगळी गुळगुळीत लाकडी जमीन. एवढी मोठी सपाट जमीन गावात दुसरी नाही. म्हणून बगळ्यांचा मोठा फलक तिथेच तयार होई. पहिल्यांदा क्लबची माणसं बिचकत विचारायला आली तेव्हा भन्ते एवढंच म्हणाले होते, “जमीन रिकामीच हाये.”

हा फलक कापडाचा नसतो. पताकांच्या झिरझिरीत कागदाच्या पट्ट्या चिकटवून केलेली ती एक भली थोरली भिंत असते. सामन्याआधी चाहते ती दोन लांब बांबूंवर मैदानात उभी धरतात, आणि टीम धावत येऊन तिला आरपार फाडून आत शिरते. आठवडाभर खपायचं आणि क्षणात चिंध्या. कुणाला त्याचं वाईट वाटत नाही. न फाटलेला फलक घरी नेणं, हेच काय ते अशुभ.

अक्षरं टीमच्या बाजूला असतात, धावत येणाऱ्यांना वाचता यावीत म्हणून. आणि ज्याचा पहिला सामना असेल त्याचं नाव त्यावर घालायचं, असा बगळ्यांचा रिवाज.

अक्षरं लावायचं काम दिवाकरचं. बाकीची मंडळी पट्ट्या जोडून सकाळीच निघून गेली होती. दिवाकर आहे म्हटल्यावर बघायला नको, असं म्हणून गेली होती.

फलक जमिनीवर पसरला होता, पांढरा आणि राखाडी. बाजूला निळी अक्षरं कापून ठेवली होती. टोबीचं नाव त्यात नव्हतं.

“काय लिहितोस?” भन्तेंनी विचारलं.

“ब्रॅनिगन कुठे आहे? बस. एवढंच.”

“आन् पोरगं?”

“वाचेल. वाचू द्या. कुणाच्या जागेवर उभा आहे, ते कळू द्या त्याला.”

चहा संपला होता तरी भन्तेंनी पेला ओठांशी नेला, आत पाहिलं आणि खाली ठेवला.

धुकं आता खिडकीच्या अगदी जवळ आलं होतं. हॉलमध्ये दिवा नव्हता, पण त्या कागदाचाच फिकट उजेड छपरापर्यंत पोचला होता. आपण जमिनीवर बसलो आहोत की ढगावर, असं दिवाकरला क्षणभर वाटून गेलं.

“भन्ते,” तो हळू आवाजात म्हणाला, “मी इथे आलो तेव्हा मला कुणी ओळखत नव्हतं. थंडी अशी, की हाडं वाजत. दुकानातून एक मफलर घेतला, पिवळा-काळा, आणि गेलो मॅच पाहायला. मला काय माहीत तो विरुद्ध टीमचा रंग आहे म्हणून! आमच्याच लोकांमध्ये जाऊन उभा राहिलो. सगळे माझ्याकडे पाहून राहिले. कुणी काही बोलत नव्हतं... ते जास्त वाईट होतं.”

“मंग?”

“ब्रॅनिगन चिखलानं भरलेला, मैदानातून बाहेर येऊन राहिला होता. कुंपणापाशी थांबला. माझ्या गळ्यातला मफलर काढला, त्यानं आपलं तोंड पुसलं, नाक शिंकरलं, आणि टाकून दिला. स्वतःचा आणून माझ्या गळ्यात घातला. नाव विचारलं. नीट म्हणता येईपर्यंत म्हणत राहिला. दिवा-कर. दिवा-कर... तेव्हापासून मी या गावचा.”

दिवाकरनं गळ्यातल्या त्याच मफलरचं टोक मुठीत धरलं.

“त्याला काढलं, भन्ते. जन्म घालवला त्यानं या टीमसाठी, आणि काढलं. टाळ्या वाजवून काढलं. मग मी कोण आहे इथे? मला काढायला त्यांना किती वेळ लागेल?”

आता खरी गोष्ट बाहेर आली होती. बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं, आणि तो ओशाळून जमिनीकडे पाहू लागला.

भन्ते उठले. चीवर सावरून फलकाशी गेले आणि गुडघ्यांवर बसले.

“चिकटपट्टी दे,” ते म्हणाले.

“काहून?” दिवाकरच्या तोंडून बऱ्याच वर्षांनी गावाकडचा शब्द निघाला.

“लावू ना अक्षरं. एकट्याले किती वेळ लागन तुले.”

दिवाकरला वाटलं होतं, भन्ते समजूत काढतील. क्षमेबद्दल, करुणेबद्दल काही सांगतील. त्या सगळ्याला द्यायची उत्तरं तो रात्रीच जुळवून आला होता. ती सगळी वाया गेली.

दोघांनी मिळून अक्षरं लावली. भन्तेंना इंग्रजी फारसं येत नव्हतं. एक अक्षर त्यांनी उलटं लावलं, दिवाकरनं ते सुलटं केलं. मधूनच छपरावरून पक्षी चालत गेल्याचा आवाज येई.

काम झालं. निळी अक्षरं पांढऱ्या कागदावर ठसठशीत दिसत होती. दिवाकरला समाधान वाटायला हवं होतं. तो त्याची वाट पाहत उभा राहिला.

“उभा करून पाहू,” भन्ते म्हणाले.

“आत्ता? धुक्यात ओला होईल.”

“होऊ दे.”

त्यांनी फलक बांबूंना जोडला आणि मागच्या दारानं कुरणात नेला. गवत भिजलेलं होतं. एक बांबू दिवाकरनं कुंपणाच्या खांबाला दोरीनं आवळला, दुसरा भन्तेंनी दोन्ही हातांनी धरला. कागद जरासा फुगला, थरथरला आणि स्थिर झाला.

मागे विहार दिसत नव्हता. पुढे काही दिसत नव्हतं. त्या अफाट पांढऱ्यात फक्त ती भिंत उभी होती आणि तिच्यावर एक निळा प्रश्न.

“आता काय करतात?” भन्तेंनी विचारलं.

“आता टीम येते. तिकडून, लांबून. धावत.”

“मंग जा तिकडं.”

“मी?”

“मले बांबू धरून राहावं लागते. दुसरं कोन हाये?”

दिवाकर कसनुसं हसला. “भन्ते, मी टीममध्ये नाही.”

“काहून? कोनं काढलं तुले?”

“काढलं नाही कुणी. मला...” तो थांबला. “मला कुणी घेतलंच नव्हतं कधी.”

“नाव वाचलं नाही तुयं? गुरुवारी?”

“एकदाही नाही.”

“आन् तरी दर शनिवारी जातंस?”

“जातो.”

“हं...”

भन्तेंनी बांबूवरची पकड बदलली. त्यांचे हात थंडीनं लाल झाले होते. ते वाट पाहत होते, आणि त्यांची वाट पाहण्याची तयारी अशी होती की उद्या सकाळपर्यंतही ते तसेच उभे राहिले असते.

दिवाकर मागे सरकत गेला. भिंत धूसर होत गेली. अक्षरं आधी गेली, मग कागद, मग भन्ते. आता तो एकटाच होता. आपले बूट सोडून त्याला काही दिसेना. कुठूनतरी, फार लांबून, गर्दीचा आवाज यावा तसं काहीतरी त्याच्या कानात घुमत होतं. बहुधा त्याचंच रक्त. गळ्यातला जुना मफलर त्यानं घट्ट केला.

काय करतो आहे मी, असं त्याला वाटलं. पन्नाशीचा माणूस. कुणी पाहिलं तर?

कुणी पाहत नव्हतं.

तो धावला.

आधी जड, अवघडल्यासारखा. मग गुडघे मोकळे झाले. गवत पायांखालून सुटून गेल्यासारखं झालं. धुकं तोंडावर आपटत होतं आणि तो त्याच्यातून पोरासारखा धावत होता. छातीत काहीतरी धडधडत होतं. ती भीती होती की आनंद, ते ठरवायला वेळच नव्हता. पुढ्यात पांढरं काही मोठं होत आलं. त्यानं खांदा पुढे केला आणि डोळे मिटले.

कागद फाटल्याचा आवाज अगदी छोटा झाला.

थंड, ओल्या पट्ट्या गालांवरून, कानांवरून निसटल्या. मग काहीच नाही. तो पलीकडे आला होता. आणखी दहा-बारा पावलं त्याला थांबताच आलं नाही.

थांबला तेव्हा त्याला हसू येत होतं. हसता हसता रडू यायला लागलं आणि तेही त्यानं येऊ दिलं. त्याच्या केसांत निळ्या कागदाचा एक तुकडा अडकला होता. गेल्या रात्रीपासून छातीवर बसलेलं ओझं कुठे पडलं, ते त्याला कळलं नाही.

तो परत आला. फलकाच्या मधोमध माणूस जाईल एवढं भगदाड होतं. भन्तेंनी बांबू आडवा केला होता आणि ते ओणवे होऊन गवतातल्या चिंध्या गोळा करत होते.

दिवाकरही वाकला. उद्यासाठी आता रात्रभर बसून मधला भाग आणि अक्षरं पहिल्यापासून करावी लागणार होती; कागदाची एक गुंडाळी आत शिल्लक होती, पुरली असती. पण एक गोष्ट त्याला अजून विचारायची होती. सवय लवकर जात नाही.

“भन्ते...” तो धापा टाकत म्हणाला, “एवढं तरी सांगा. त्यांनी केली ती निवड बरोबर होती का चूक?”

भन्तेंनी ओल्या कागदाचा गोळा पिळला. त्यातून निळं पाणी गवतावर पडलं.

“धावता धावता वाचलंस का रे,” ते म्हणाले, “काय लिहून होतं ते?”