नावात विष

विषय : फडताळातील पनीरच्या ताटलीत शिरण्याची परवानगी मिळणेबाबत. अर्जदार : जिवाणू खाणारा एक विषाणू.

भांडी बोलत असत आणि माणसे तेव्हाही ऐकत नसत, त्या काळातली ही गोष्ट. पनीरला घातक जिवाणूंनी घेरले होते. "बरणीबाई, लवकर काहीतरी करा हो! दुपारी मला पोरांच्या पानात वाढणार आहेत," ते कळवळून म्हणाले.

विषाणू दाराशीच उभा होता. "मी फक्त हे जिवाणू खातो. पनीरला हात लावत नाही, पोरांनाही नाही."

बरणीबाई फडताळाच्या प्रमुख. त्यांनी झाकण तिरके केले. "नाव काय म्हणालास?"

"विषाणू."

"म्हणजे विष आलेच की!"

"बाई, नावावर जाऊ नका. आत कोण बसलेत ते बघा."

"त्यांच्या नावात जीव आहे, बाबा. जीव असलेल्यांना हाकलायचे, आणि विषाला पाट मांडायचा?"

जिवाणूंनी बाईंना नमस्कार केला. नमस्कार संपेपर्यंत ते दुप्पट झाले होते.

दोन्ही नावांचा अर्थ कुटून काढण्याचे काम खलबत्त्याकडे सोपवण्यात आले. दुपारी पनीर पानात गेले. संध्याकाळी वैद्य आले.

अर्ज विचाराधीन आहे.